सीमेपलीकडची मंडळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा आपल्या व्याख्यानमालेला 'शेजार' हा विषय ठरला व नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. कोणाला शेजारच्या राज्यातील सणवार आले, कोणाला कन्हानकाठच्या गावांची माहिती आली. माझ्या चिठ्ठीत निघाले, 'शेजारी देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांचे सहकार्य'. मी चिटणीसबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी बदलून मिळत नाही." मी काही ख्रिस्ती नाही आणि माझी शाळा सातवीला सुटली. पण माझ्या नणंदेच्या शेजारी एक नर्सबाई राहतात. नागपूरला सीताबर्डीवर स्कॉटलंडच्या मिशनने काढलेले म्यूर मेमोरियल हॉस्पिटल आहे, तेथे त्यांची नोकरी झाली. त्यांच्याकडे तीन दुपारी जाऊन बसले, माझ्या धाकट्या मुलीने नागपूरहून पुस्तके आणून वाचून दाखविली, आणि जे कळले ते आज सांगते. कळल्यावर असे वाटू लागले की, आपल्या आजच्या सभेपुढे जो ठराव यायचा आहे त्याच्याशी या विषयाचे बरेच नाते आहे. ते शेवटी सांगेन.

पहिल्याने एक शब्द. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या समाजाला 'मंडळी' म्हणतात. इमारत निराळी, आणि तिच्यात जमणारी माणसे ती मंडळी. आपले मंडळ, त्यांची मंडळी. नर्सबाई हसून म्हणाल्या, "फरक एका वेलांटीचा आहे."

या मंडळ्यांत प्रेसबिटेरियन नावाचा एक पंथ आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळते, परंतु अर्थ अगदी घरचा आहे. 'वडीलधारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले. या पंथात वरून नेमलेला बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपल्यातून वडील निवडते. ते आणि पाळक मिळून कारभार पाहतात. आसपासच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले की ती प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांवर महासभा. म्हणजे पंचांनी चालविलेले घर. बायकांना मात्र या पंचांत बसण्यासाठी फार थांबावे लागले. स्कॉटलंडमध्ये हा पंथ सोळाव्या शतकात रुजला आणि तेथील चर्चने बाईला वडील होण्याची मोकळीक दिली ती १९६६ साली. महिला मंडळाच्या व्यासपीठावर एवढे तरी सांगितलेच पाहिजे.

आपल्या नागपूरला हा पंथ आणला स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे निघाले, त्याचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा काढली, गोंडांच्या कथा व चालीरीती टिपल्या, दगडधोंडे गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून ते गेले. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून आहे. आपल्या किती तरी घरांतील मुले तेथे शिकली. पण हे मिशन म्हणजे भागीदारी नव्हती, हे स्पष्ट बोलले पाहिजे. पैसा समुद्रापलीकडून यायचा, हुकूमही तिकडूनच. देणारा मोठा आणि घेणारा धाकटा, अशी ती रचना. आता मी जे सांगणार आहे ते त्यानंतरचे आहे. घेणारे जेव्हा आपापसांत शेजारी झाले, तेव्हाची गोष्ट.

आणि मौज अशी की या गोष्टीत नागपूरचे नाव पुन्हा पुन्हा येते. सिव्हिल लाइन्समध्ये ज्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेची कचेरी आहे, ती १९२३ मध्ये या नावाने उभी राहिली तेव्हा तिच्या नावात हिंदुस्थानबरोबर ब्रह्मदेश व सिलोनही होते. त्या काळी ब्रह्मदेश इंग्रजी हिंदुस्थानातच होता. १९३७ मध्ये तो वेगळा झाला. सीमा आखणारे कोणी, आणि सीमेच्या दोन्ही अंगांना ज्यांची सोयरीक आहे ते कोणी, असे नेहमीच होते.

आता नेपाळकडे वळते, कारण या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त आवडली ती नेपाळची हकीकत.

नेपाळात राणांचे राज्य होते तोवर बाहेरच्या धर्मप्रचारकाला तेथे थारा नव्हता. पण दार्जिलिंगच्या बाजूला, चहाच्या मळ्यांवर, नेपाळी बोलणारी हजारो माणसे येऊन राहिली होती. तेथे १८७० पासून स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियनांचे काम होते. म्हणजे नेपाळी मंडळीचा पाळणा हलला तो सीमेच्या आपल्या बाजूला. गंगाप्रसाद प्रधान हे नेपाळी गृहस्थ त्या मंडळीतले. त्यांनी बायबल नेपाळीत आणण्यासाठी आयुष्य वेचले आणि १९१४ मध्ये ते पुरे छापून निघाले. त्याच साली मुलालेकरांसह ते काठमांडूला राहायला गेले, तर ख्रिस्ती माणसाला नेपाळात जागा नाही असे सांगून सरकारने सर्वांना परत पाठविले. भगिनींनो, बायकापोरांसह, सामानसुमान पाठीवर घेऊन डोंगर उतरायचे, तेही स्वतःच्याच देशातून. त्या घरातल्या बायकांनी त्या वाटेवर काय काय बोलून घेतले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

१९५१ मध्ये राणांची सत्ता गेली. त्या आधी १९४९ मध्ये मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतील फ्लेमिंग मास्तर पक्षी गोळा करण्याच्या परवानगीवर नेपाळात गेले होते. १९५१-५२ च्या हिवाळ्यात ते पुन्हा तानसेनकडे गेले, तेव्हा डॉक्टर फ्रेडरिक्स हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर सहकुटुंब बरोबर होते. पक्ष्यांसाठी गेलेल्यांपुढे आजाऱ्यांची रांग लागली. तेथील लोकांनीच येथे दवाखाना काढा अशी मागणी केली. १९५३ च्या मे महिन्यात नेपाळ सरकारची परवानगी आली: तानसेनला दवाखाना आणि काठमांडूच्या खोऱ्यात बाळ-बाळंतिणींची केंद्रे.

परवानगी आली खरी, पण एकट्या मिशनने एवढे ओझे उचलायचे कसे? आणि प्रत्येकाने आपला आपला झेंडा नेऊन रोवला तर त्या लहानशा देशाचे काय व्हायचे? म्हणून ५ मार्च १९५४ रोजी निरनिराळ्या पंथांच्या आठ मिशनांनी मिळून एकच संयुक्त संस्था काढली. अमेरिकन प्रेसबिटेरियन त्यांत होते, मेथॉडिस्ट होते. आज तिला युनायटेड मिशन टु नेपाळ म्हणतात. आणि ही सभा भरली कोठे, तर आपल्या नागपूरला! नेपाळचा दवाखाना, आणि त्याची कागदपत्रे संत्र्यांच्या गावी. नागपूरच का, हे मला कोठे वाचायला मिळाले नाही. पण चारी दिशांच्या आगगाड्या जेथे मिळतात तेथे माणसे जमायची, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

श्रीमती बेथेल फ्लेमिंग स्वतः डॉक्टर होत्या. त्यांनी काठमांडूच्या खोऱ्यात बायकामुलांचे दवाखाने सुरू केले. पुढे १९५६ मध्ये राणांच्या शांता भवन नावाच्या राजवाड्यातच हॉस्पिटल झाले. जेथे राणीवशाच्या बायका पडद्यात राहिल्या असतील, तेथे गावोगावच्या बाळंतिणी येऊ लागल्या. १९८२ मध्ये त्याच्या जागी पाटण हॉस्पिटल उभे राहिले. बुटवलला १९६३ मध्ये तंत्रशाळा निघाली, पुढे तेथून वीजनिर्मितीपर्यंत मजल गेली. त्या यंत्रांच्या गोष्टी मला समजल्या नाहीत, म्हणून सोडून देते.

मला समजले ते याहून साधे आहे. नेपाळ सरकारने अट घातली होती की, सेवा करा, पण त्या निमित्ताने धर्म बदलवू नका. ती मान्य करून ही संस्था गेली. शिवाय तिने नेपाळात आपली मंडळी स्थापन केली नाही. नेपाळी ख्रिस्ती लोकांनी, काही दार्जिलिंगकडून आलेल्यांनी व काही तेथल्याच लोकांनी, आपली आपण उभी केली. बाहेरच्या आठही मिशनांपैकी कोणाची पाटी तिच्या दारावर लागली नाही. एवढा पैसा व एवढी माणसे पाठवून दारावर पाटी न लावणे किती कठीण आहे, ते ज्याने कधी देणगी दिली किंवा घेतली आहे त्यालाच कळेल.

येथे थोडे घरचे बोलते. दोन वर्षांपूर्वी आपल्याला एका दूरच्या संस्थेकडून सहा शिलाईयंत्रे मिळाली. संस्थेचे नाव घेत नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता. यंत्रांबरोबर नियमांचा कागद आला, भिंतीवर लावायची पाटी आली, दरमहा फोटो पाठविण्याची सूचना आली. आपल्या खाप्याच्या विणकर घरांतल्या बायकांना पाहिजे होते सुतासाठी भांडवल. त्यांना कोणी विचारलेच नाही. आज सहापैकी चार यंत्रांवर झाकण आहे आणि पाटी मात्र रोज पुसली जाते. म्हणून म्हणते, नेपाळची गोष्ट मला का आवडली ते लक्षात घ्या.

आता पाकिस्तानविषयी. हे नाव घेतले की सभेत कुजबुज होते, म्हणून थोडक्यात सांगते. उत्तर हिंदुस्थानातील प्रेसबिटेरियनांनी १९२४ मध्ये काँग्रिगेशनल नावाच्या दुसऱ्या पंथाशी एकी करून एक चर्च केले होते. १९२९ मध्ये लखनौला आणखी पंथांशी एकीची बोलणी सुरू झाली. तेव्हा देश एक होता. १९४७ ला फाळणी झाली. घरे जळाली, माणसे तुटली, पण ही बोलणी तुटली नाहीत. १९६५ मध्ये योजनेचा अखेरचा मसुदा निघाला, त्याच्या नावात उत्तर भारत आणि पाकिस्तान दोन्ही आहेत. त्याच साली दोन देशांत लढाई झाली. एका पुस्तकावर दोन्ही नावे शेजारी छापलेली, आणि सरहद्दीवर तोफा! पाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ पाकिस्तान स्थापन झाले. त्यात सियालकोटकडील स्कॉटिश प्रेसबिटेरियन आले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला नागपूरला, सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा चर्चे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. पुढे १९७१ च्या युद्धानंतर ढाक्याकडील लोकांनी आपले चर्च ऑफ बांगलादेश वेगळे केले.

यात सगळे गोड होते असे समजू नका. ज्या प्रेसबिटेरियनांनी चारशे वर्षे बिशप नको म्हटले, त्यांना एकीसाठी बिशप पत्करावा लागला, आणि बिशपवाल्यांना पंचांचे ऐकावे लागले. काही जण आत आलेच नाहीत. पाकिस्तानातील प्रेसबिटेरियनांची एक मोठी मंडळी आजही निराळी आहे. पण लाहोरने नागपूरवर राज्य केले नाही की नागपूरने ढाक्यावर. योजना एकत्र लिहिली, घरे आपापली बांधली.

आता शेवटची गोष्ट, आणि ती खास आपल्या स्वयंपाकघरातली आहे.

ईशान्येला मिझोराम आहे. तेथे वेल्स देशाच्या मिशनने प्रेसबिटेरियन मंडळी उभी केली. १९१० साली तेथल्या बायकांनी एक रीत पाडली. भात शिजवायला घेताना तांदूळ मोजायचे, आणि त्यातली एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. आठवड्याने मंडळीतल्या बायका घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करतात, विकतात व पैसा मंडळीच्या कामाला देतात. त्यांच्या भाषेत याला 'बुहफाई थाम' म्हणतात, म्हणजे तांदळाची मूठ. ज्या घरी रोख पैसा दिसत नव्हता त्या घरची बाईसुद्धा यामुळे देणारी झाली. नवऱ्याच्या खिशाकडे पाहावे लागले नाही. १९६८ मध्ये वेल्सचे शेवटचे मिशनरी तेथून गेले तेव्हा ती मंडळी पोरकी झाली नाही, याचे श्रेय पुष्कळसे या मुठीला आहे असे मला वाटते. आज शंभर वर्षे उलटून गेली तरी मूठ चालू आहे.

आपल्याला हे नवे नाही. मुष्टिफंड आपल्याकडेही होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले अशा मुठीवर जेवली आहेत. फरक इतकाच की आपण तो सोडून दिला.

तर ही मूठ सीमेपलीकडे कशी जाते ते पाहा. मिझोराम आणि ब्रह्मदेश यांच्यामध्ये तिआऊ नावाची नदी आहे, आपल्या कन्हानसारखी उन्हाळ्यात उतरता येण्याजोगी. मिझो माणसे दोन्ही तीरांवर आहेत. भाषा एक, सोयरीक एक. पलीकडे कले-काबॉ खोऱ्यात जाऊन राहिलेल्या मिझो कुटुंबांनी १९५६ च्या सुमारास तेथे आपली प्रेसबिटेरियन मंडळी सुरू केली. तिचे ठाणे ताहान येथे आहे. ऐजॉलकडून तिला मदत जाते. परंतु तिची महासभा तिची आहे, पंच तिचे आहेत, पाळक शिकविण्याची शाळाही तिची आहे. ऐजॉलने तिला शाखा म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. त्या देशात इतकी वर्षे लष्कराचे राज्य. परदेशातील संस्थेची शाखा म्हटली की सरकारचा पहिला संशय तिच्यावर. स्वतःच्या नावाची मंडळी होती म्हणून ती टिकली असावी.

आणि १ फेब्रुवारी २०२१ ला तेथे लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. हजारो माणसे नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. मिझो लोकांनी, चर्चनी व तेथील तरुणांच्या संघटनेने त्यांना तांदूळ दिले, निवारा दिला. सीमेवरच्या लोकांना काही मैल सहज ये-जा करण्याची सवलत होती, ती रद्द करण्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या केंद्र सरकारने जाहीर केले. देशाची सुरक्षितता पाहणे सरकारला भागच आहे. मी त्यावर काही बोलणार नाही. मी एवढेच पाहिले की, ज्यांच्याशी वर्षानुवर्षे बरोबरीचे नाते होते, ते संकटात आले तेव्हा कोणाला ओळख करून द्यावी लागली नाही.

आता आपल्या ठरावाकडे येते. माझे माहेर सौंसरचे, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा माझे बोलणे थोडे माहेरच्या बाजूने झुकले तर हसून घ्यावे. माझी आजी सांगत असे, तिचे लग्न झाले तेव्हा खापा आणि सौंसर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला खापा मुंबई राज्यात आला, पुढे १९६० ला महाराष्ट्रात. सौंसर मध्य प्रदेशात राहिले. त्या दिवसापासून माझ्या माहेरी घरात मराठी व कचेरीत हिंदी. रोटीबेटी तुटली नाही, जामसावळीच्या हनुमंताला आपण शनिवारी जातोच. पण कागद निराळे झाले.

सौंसरच्या भगिनींनी गेल्या वर्षापासून आपल्याबरोबर काम करण्याची इच्छा दाखविली आहे. त्यांचे पापड-कुरडया आणि आपली खाप्याची लुगडी जामसावळीच्या यात्रेत एकाच दुकानात मांडावी, अशी मूळ कल्पना. कार्यकारिणीने आज जो ठराव आणला आहे, त्यात त्यांना 'आपल्या मंडळाची सौंसर शाखा' म्हटले आहे. हिशेब येथे लिहिला जाईल, पदाधिकारी येथून नेमले जातील, त्या बदल्यात आपण त्यांना दरसाल काही रक्कम देऊ. प्रेमाने आणलेला ठराव आहे. परंतु मी त्याच्या विरुद्ध मत देणार आहे.

व्यवहाराचे कारण पहिले. महाराष्ट्रात नोंदलेल्या मंडळाची शाखा म्हटली की त्यांच्या बचत गटांना त्यांच्या राज्याची मदत, त्यांच्या बँकेचे कर्ज मागताना प्रत्येक टेबलावर अडचण. २०२३ मध्ये सौंसर छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेले. तेथील कचेऱ्या आताच कोठे बसताहेत, आणि ओळखी त्यांच्या आहेत, आपल्या नाहीत. दुसरे कारण झाकण घातलेल्या त्या चार यंत्रांचे. आपल्याला जे सोसवले नाही ते आपण त्यांच्या घरी पाठवायचे काय?

म्हणून माझी दुरुस्ती अशी. 'शाखा' हा शब्द काढावा व 'सहयोगी मंडळ' असे लिहावे. दोन्ही मंडळांची पुस्तके वेगळी, पंच वेगळे. यात्रेच्या दुकानासाठी दोन्हीकडच्या तीन-तीन बायकांची समिती, बैठक एकदा खाप्याला, एकदा सौंसरला. भांडवलासाठी दोन्ही गावांत घरोघर मूठ काढावी. आपल्याकडे ज्वारीची वा तांदळाची, त्यांना जे सोयीचे असेल त्याची. दोन्ही मुठींचा पैसा या एका कामात पडावा आणि खर्चाला दोन्हीकडच्या सह्या लागाव्या. सौंसरच्या पाहुण्यांना यात काही बदलायचे असेल तर मतदानापूर्वी त्यांना बोलू द्यावे, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. गेल्या खेपेस त्या बसून राहिल्या आणि बोललो आपणच.

दुरुस्ती लिहून आणली आहे, ती चिटणीसबाईंकडे देते. अनुमोदन कोण देणार?